पोटात लागलेली गोळी

"लागली! लागली ना?" प्रेस्कॉटने गाडीच्या दारावर हात आपटला.

"लागली," व्हर्ला म्हणाली. "पोटात."

एल्क हरणाचा तो थोरला नर पाठ वाकवून, एकेक पाऊल टाकत झुडपांत शिरला. तो पळालाही नव्हता. हिवाळाभर व्हर्लाच याच गाडीतून त्याला गवत टाकायची. गाडीचा आवाज ओळखून तो उलट जवळच आला होता.

अमेरिकेतल्या आयडाहोमधल्या या कुंपणबंद रँचवर पैसे मोजून येणाऱ्या पाहुण्यांना शिकारीला नेण्यात तिचे केस पांढरे झाले होते. सकाळी याच प्रेस्कॉटने पेटाऱ्यातून सोडलेल्या फेझंट पक्ष्यांवर बार काढले होते. पंख तुटून गवतात फडफडणारे पक्षी हुडकून व्हर्लाने त्यांच्या माना पिरगळल्या होत्या. तोंडातून मात्र अक्षर काढलं नव्हतं. गप्प राहणं हाही नोकरीचाच भाग.

"मरेल ना पण?"

"मरेल. उद्या दुपारपर्यंत. तडफडून."

"मग उद्या शोधू की. काय मरणाची थंडी आहे! आणि कुंपण आहे, जातोय कुठे?"

व्हर्लाने वायरलेसवरून गोळी पोटात लागल्याचं कळवलं. उत्तर खरखरत आलं. मालक किर्बी बोलत होता. "व्हर्ला, पाहुण्यांना परत आण. उद्या त्यांना दुसरा नर दाखव. जेवण तयार आहे."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बंदूक द्या इकडे. मी संपवते."

"माझं जनावर आहे, बाई. दुसऱ्या कुणाची गोळी चालायची नाही."

"तुमचं ना? मग उतरा."

तिने गाडी बंद केली, किल्ली खिशात टाकली आणि रक्ताचा माग धरला.

"अहो, डोकं फिरलंय का तुमचं?"

"लॉज त्या बाजूला. चालत जा, नाहीतर माझ्यामागे या."

तो शिव्या घालत मागे आला.

नर कुंपणापाशी सापडला. तारेला कपाळ टेकून उभा होता. प्रत्येक श्वासाला त्याच्या बरगड्या थरथरत होत्या. प्रेस्कॉटने बंदूक उचलली, पण नेम न धरताच तिच्यापुढे केली. "तुम्हीच मारा."

ते त्याच्याच हातून करून घ्यायचं तिच्या मनात होतं. तेवढ्यात नराने तारेवर डोकं घासलं. व्हर्लाने बंदूक हिसकावली.

एकच बार. नर जागच्या जागी कोसळला.

"शिंगांना काही झालं नाही ना?" प्रेस्कॉटने विचारलं.

"तोंड बंद ठेवा," व्हर्ला म्हणाली.

बार ऐकून किर्बी जीप घेऊन आला. प्रेस्कॉटने सगळं सांगितलं, वर थोडं जास्तच. किर्बीने मान खाली घालून ऐकून घेतलं.

"माफी माग त्यांची, व्हर्ला."

"तुझ्या बापाने याला सकाळीच हाकललं असतं."

"बाबा नाहीयेत आता."

"ते दिसतंच आहे."

किर्बीचा चेहरा लाल झाला. "उद्यापासून येऊ नकोस."

"बरं. जाताना याची बंदूक घेऊन जा."

प्रेस्कॉटला घेऊन जीप वळून दिसेनाशी झाली. नराचं आतडं फुटलेलं होतं. आत्ताच साफ केलं नाही तर सगळं मांस नासलं असतं. व्हर्ला गुडघ्यांवर बसली, सुरीने पोट उघडलं आणि कोपरापर्यंत हात आत घातले. वाफ तिच्या तोंडावर आली. गारठलेल्या बोटांत हळूहळू त्याच्या अंगाची ऊब भरू लागली, आणि त्या उबेचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.