बदलायची मुभा

स्लॅबच्या दिवशी घरच्या माणसाने हलायचं नसतं. मिक्सर एकदा सुरू झाला की शेवटचं घमेलं वर जाईपर्यंत थांबत नाही, आणि मधेच वाळू कमी पडली, फळी सरकली, पाणी संपलं, की सगळे एकाच माणसाच्या तोंडाकडे बघतात. "लगीन थांबंल, मिक्सर थांबायचा नाय," असं धाकू गवंडी प्रत्येक घरमालकाला आदल्या दिवशीच बजावून ठेवतो.

धम्मदीपला बजावायची काही गरज नव्हती. त्याच्याबद्दल लोकांची तक्रार होती ती उलटीच, की हा बाबा दुसऱ्या कुणाला काही करूच देत नाही. घरामागच्या नव्या खोलीचे चिरे त्याने खाणीवर जाऊन स्वतः निवडले होते. वायरिंगचे पाइप सळयांमध्ये स्वतः बांधले होते. पंख्याचा हुक कुठे येणार तेही खडूने स्वतः आखून ठेवलं होतं. पुण्याच्या एका कंपनीचं काम तो गेली काही वर्षं गावच्या घरात बसून करायचा, जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला. दुसऱ्या टोकाला त्याची मुलगी राही अभ्यासाच्या नावाखाली चित्रं काढायची आणि मधल्या जागेत त्याची बायको तेजल कोलंबी सोलायची. साहेबांसमोर बोलताना कोलंबीचं ताट पडद्यात येऊ नये म्हणून लॅपटॉप किती तिरका धरायचा, हे त्याला आता अंदाजाने जमत होतं. म्हणून ही खोली. आठवडाभर ऑफिस, आणि रविवारी वाडीतल्या मुलांचा कॉम्प्युटरचा वर्ग, जो आजवर विहारात भरत होता. पावसाआधी स्लॅब पडला नाही तर सगळं दिवाळीवर जाणार, या काळजीने त्याचं जेवणावरून लक्ष उडालं होतं.

"तुमच्या हातांना कधी सुट्टी देणार आहात का?" तेजल विचारायची. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, त्यामुळे तिचा रागसुद्धा शांत आवाजात असतो.

सकाळी मेणबत्ती लावून त्रिसरण-पंचशील झालं. धाकूला अशा वेळी नारळ फोडायची सवय, पण या वाडीत तो हात जोडून मागे उभा राहतो, आणि नारळ त्याला नंतर मटणाच्या वाटलेल्या मसाल्यात मिळतोच. मिक्सर घरघरायला लागला. बायका पडवीत कांदे चिरायला बसल्या. त्यांच्यात चिमाकाकी होती, ईशाची आई.

ही ईशा म्हणजे धम्मदीपच्या वर्गातली पहिली मुलगी. चार वर्षांपूर्वी विहारात त्याच्या जुन्या लॅपटॉपसमोर बसली, ती उठलीच नाही. रत्नागिरीत डिप्लोमा केला, आणि आता पुण्याच्या एका कंपनीने तिला घरी करायला एक काम दिलं होतं, एसटीच्या सीट बुक करायचा छोटा प्रोग्रॅम. तो आवडला तर मुलाखत. आवडला होता. मुलाखत आजच दुपारी होती, व्हिडिओवर. एरवी ती धम्मदीपच्याच घरी बसली असती, कारण वाडीत नीट इंटरनेट तिथेच. पण त्याची वायर नेमकी मागच्या भिंतीवरून येते आणि स्लॅबसाठी ती सोडवून ठेवली होती. म्हणून ईशा सकाळच्या एसटीने रत्नागिरीला मालनमावशीकडे गेली होती.

"धम्मा," चिमाकाकी डोळे पुसत म्हणाली. कांद्याने की कौतुकाने, ते कळत नव्हतं. "तू छान म्हणलास ना, तवापास्नं पोरगी हवेत हाय. लगेच मालनला फोन केलान, दादाला माझं काम आवडलं म्हणून. मी म्हणलं, बाय, आज भ्या वाटतंय का? तर म्हणते, आये, ते सगळं उघडून ओळीओळीनं विचारनार हायत. मीच केलंय तर भ्यायचं कशाला?"

धम्मदीपच्या हातातला पाण्याचा पाइप तसाच वाहत राहिला.

झालं होतं ते असं. ईशाने आपलं सगळं काम ऑनलाइन ठेवलं होतं आणि धम्मदीपदादाला ते बघायची, वाटलं तर बदलायचीही मुभा दिली होती. बदलण्यासाठी नाही, विश्वास म्हणून. गेल्या शनिवारी, सळया बांधणारी माणसं डोक्यावर ठोकत असताना, राही तापाने फणफणलेली असताना आणि ऑफिसचा फोन कानाला असताना, त्याने ते उघडलं. एक खोट त्याच्या लगेच नजरेत आली. दोन माणसांनी एकाच क्षणी एकच सीट मागितली, तर पोरीचा प्रोग्रॅम दोघांनाही ती देऊन मोकळा होत होता. हे तिला समजावायचं म्हणजे अख्खी संध्याकाळ गेली असती. त्याने चहा निवायच्या आत स्वतःच दुरुस्त केलं आणि तिला मेसेज टाकला, 'बघितलं. छान जमलंय.' काय बदललं ते रविवारी सांगू असं ठरवलं, आणि रविवारी खडीचा ट्रक आला.

तिच्या लॅपटॉपवर तिचं जुनंच काम होतं. कंपनीवाले मात्र ऑनलाइन ठेवलेलं उघडणार होते. आणि तिच्या प्रोग्रॅमच्या ऐन पोटात काय लिहिलंय, हे तिला माहीतच नव्हतं. तिथे बोट ठेवून विचारलं तर पोरगी चोर ठरणार होती. दुसऱ्याकडून करून आणलेलं काम स्वतःचं म्हणून दाखवणारी. अशांना ही माणसं पुन्हा दारात उभं करत नाहीत. धम्मदीपला हे पक्कं माहीत होतं, कारण त्याने स्वतः त्याच्या कंपनीत अशा दोघांना घरी पाठवलं होतं.

त्याने फोन लावला. बंद. बंदच असणार. 'मुलाखतीआधी तासभर फोन बंद ठेवायचा, डोकं शांत राहतं,' हा उपदेश त्याचाच. पोरीने मास्तरांचं अक्षर न् अक्षर ऐकलं होतं.

"काकी, मालनमावशीचा नंबर?"

"ती ड्युटीला. दवाखान्यात फोन कपाटात ठेवायला लावतात त्यांना. का रे? काय झालं?"

"काही नाही," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजानेच चिमाकाकीचा विळीवरचा हात थांबला.

वरून धाकू ओरडला, "मालक, पानी मिक्सरात सोडा! तिथं काय करताव?" त्याने पाइप मिक्सरकडे वळवला. माणसं घमेली वर देत होती. मधेच उठून गेलो तर? हुक चुकला तर? पाइप दबला तर? आयुष्यभर डोक्यावर राहणारी गोष्ट ही. आणि न जावं तर चार वर्षं मांडीला मांडी लावून शिकवलेल्या पोरीचं नाव आपल्याच हाताने घालवलं.

तेजलने लांबूनच त्याचा चेहरा ओळखला. बाजूला घेऊन विचारलं, त्याने सांगितलं.

"जा," ती म्हणाली.

"अगं, स्लॅब..."

"स्लॅब मी बघते."

"तो हुक..."

"हुकही मी बघते. तुम्ही जा, नाहीतर मीच गाडी काढते."

गाडी काढली ती सिमेंटच्या चिखलाने भरलेल्या पायांनीच. मे महिना, आरे-वारेच्या चढावर पर्यटकांनी रस्त्याच्या मधोमध गाड्या लावलेल्या. कुणी समुद्राला पाठ करून फोटो काढतंय, कुणी कैऱ्यांचा भाव करतंय. धम्मदीप हॉर्न वाजवत होता आणि मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता. 'ईशा, तिथे एक बदल केलाय, असा असा.' पाच मिनिटं मिळाली तरी पुरे. पोरगी हुशार आहे, पटकन समजेल. मग तिने काय सांगायचं? की हे मीच केलं? म्हणजे आता खोटं बोलायलाही आपणच शिकवायचं? शिरगाव मागे पडलं तरी त्याला याचं उत्तर सुचलं नव्हतं.

साळवी स्टॉपच्या मागे मालनमावशीच्या दोन खोल्या. दार लोटलेलं होतं. त्याने कडीला हात घातला आणि आतून ईशाचा आवाज आला. सावकाश, नीट, इंग्रजी जपून वापरत. मुलाखत सुरू झाली होती.

तो दाराबाहेरच थांबला.

"एक गोष्ट मी आधीच सांगते," ईशा म्हणत होती. "माझ्या प्रोग्रॅममध्ये एक खोट आहे. दोन माणसांनी एकाच वेळी एकच सीट मागितली, तर ती दोघांनाही मिळते. माझ्या उशिराच लक्षात आलं. मी तीन पद्धतींनी करून बघितलं, अजून जमलेलं नाही. पण कुठे चुकतंय ते दाखवू शकते."

तिला माहीत होतं. धम्मदीपच्या एकदाही मनात आलं नव्हतं, की तिला माहीत असेल.

आतून एका माणसाचा आवाज आला, सौजन्याचा. "पण इथे तर ते सोडवलेलं दिसतंय. आणि चांगलं सोडवलंय."

"कुठे?" ईशाने विचारलं.

पंखा तेवढा कुरकुरत होता. धम्मदीपला वाटलं, आत शिरावं, लॅपटॉपसमोर उभं राहावं, साहेब, चूक माझी आहे म्हणून सांगावं. हात पुन्हा कडीकडे गेलाच होता.

"हे माझं नाही," ईशा म्हणाली. आवाज थरथरत होता, पण थांबला नाही. "मी ज्यांच्याकडे शिकते त्यांना बघायला दिलं होतं. त्यांनी केलं असणार. मला सांगितलं नाही. माझं जुनं माझ्याकडे आहे, ते दाखवू का?"

त्याने हात खाली घेतला.

बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. पायरीवर बसलेल्या धम्मदीपकडे, त्याच्या सिमेंटने पांढऱ्या झालेल्या पायांकडे तिने बघितलं. तो इथे का आला आणि कधीपासून बसलाय, हे तिला सांगावं लागलं नाही.

"काय म्हणाले?" त्याने विचारलं.

"उद्या संध्याकाळपर्यंत स्वतः दुरुस्त करून पाठव म्हणाले. मग परवा पुन्हा विचारणार."

"ईशा, मला वाटलं तुझ्या लक्षात आलं नसेल. समजावायला वेळ नव्हता गं, सळयावाले आले होते..."

"बदलायला होता."

त्याने पायावरचं वाळलेलं सिमेंट नखाने खरवडलं.

"त्याचं पण एवढं नाय," ईशा म्हणाली, आणि आता तिचे डोळे भरले. "दादा, तू छान जमलंय म्हणालास. मी आयेला सांगितलं, मावशीला सांगितलं. त्यात खोट हाय ते मला म्हाईत होतं, तरी दादाला छान वाटलं म्हणजे बाकीचं खरंच बरं असंल, म्हणून मी नीट झोपले. तू ते कुठल्याला म्हणालास? माझ्याला, की तुझ्याला?"

धम्मदीपने खूप आठवून बघितलं. त्याला खरंच आठवेना. मेसेज टाकताना तो कामाकडे बघतच नव्हता, वर कोण ठोकतंय तिकडे बघत होता. हे तिला सांगितलं, तेव्हा त्याला स्वतःचीच लाज वाटली.

ती त्याच्या गाडीवर बसून परत आली, पण लॅपटॉपची पिशवी दोघांच्या मध्ये ठेवून.

स्लॅब पडला होता. मिक्सर धुऊन गेला होता, माणसं मटणभात जेवून हात वाळवत बसली होती. चिमाकाकी लेकीला घेऊन आत गेली. धम्मदीप शिडीवरून वर चढला आणि ओल्या काँक्रीटकडे कुठे काय चुकलंय म्हणून बघू लागला.

"हुक हातभर खिडकीकडे घेतलाय," तेजल खालून म्हणाली. "तुम्ही आखला होता तिथे पंख्याची सावली फळ्यावर नाचली असती. मुलांना काही दिसलं नसतं."

एरवी त्याने तासभर वाद घातला असता. "बरं केलंस," तो म्हणाला आणि खाली उतरला.

दुसऱ्या दिवशी वायर पुन्हा जोडली. ईशा दुपारपासून मागच्या पडवीत लॅपटॉप घेऊन बसली. राही तिच्या शेजारी चित्रं काढत होती. धम्मदीप स्लॅबवर मातीची आळी करून पाणी भरत होता, आणि पाणी भरायच्या निमित्ताने गरजेपेक्षा जास्त वेळा पडवीतून जात होता. एकदा जाताना त्याची नजर तिच्या पडद्यावर पडलीच. ती भलत्याच बाजूने चालली होती. लांबचा रस्ता, आणि पुढे अडेल असा त्याला संशय आला. जिभेवर आलेलं गिळून तो पाइप ओढत पुन्हा वर गेला. वर आधीच इतकं पाणी झालं होतं, की आळी फुटून ते भिंतीवरून ओघळायला लागलं.

"दादा!" खालून हाक आली. तो जवळजवळ धावतच उतरला.

"पाणी येतंय अंगावर," ईशा म्हणाली, आणि पुन्हा मान खाली घातली.

उन्हं कलली तेव्हा तिने हात ताणले. "पाठवलं."

"चाललं का? दोघांनी एकदम मागितली तर?"

"बारा वेळा करून बघितलं, एकालाच देतं. शंभर माणसं एकदम आली तर काय होईल, ते नाय सांगता येत. पण का केलंय ते विचारतील, तर सगळं सांगता येईल."

धम्मदीपने मान हलवली. छान हा शब्द ओठांवर आला होता, तो त्याने तसाच ठेवला. काम बघितल्याशिवाय आता तो म्हणायचा नव्हता.

"आणि दादा, तुझी बदलायची मुभा मी काढून टाकलीय."

त्याने पुन्हा मान हलवली. हे ऐकावं लागणार, हे त्याला कालपासून माहीत होतं.

ईशाने लॅपटॉप त्याच्या बाजूला वळवला. "बघायची ठेवलीय," ती म्हणाली.

त्याने ओले हात पंच्याला पुसले, मांडीखाली दाबून धरले, आणि तो तिच्या शेजारी बसून पहिल्या ओळीपासून वाचू लागला.