खाकी शर्टातला पुतळा

मित्रांनो, इंदूरच्या एका बंद गिरणीच्या गोदामात पडून असलेला मी एक जुना पुतळा आहे. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या निघत. दिव्यांनी सजवलेल्या गाड्यांवर पुतळे हलत, त्यांतलाच मी. बांबू, पेंढा आणि कागदाच्या लगद्यातून मला घडवले. कधी मी द्वारपाल झालो, कधी नावाडी. दगडू फिटर माझ्या पाठीमागे लपून दोरी ओढी, की माझा उजवा हात वर जाई.

"भिया, आपल्यात पक्का नोकर हाच," तो सोबतच्या कामगारांना म्हणे. "ह्याला कोण काढतंय!"

मग गिरणी बंद झाली. ती सुरू करा म्हणत कामगार फाटकाशी बसले आणि पोलिसांनी गोळी चालवली. साथीदारांनी दगडूचे प्रेत घरी आणले. त्याची बायको मंजुळाबाई हिने त्याच्या अंगातला खाकी शर्ट जपून ठेवला. छातीवर गोळीचे भोक होते. सरकारने मात्र सांगितले, गोळी हवेत झाडली होती. दगडू म्हणे गर्दीत पडून मेला.

त्या वर्षी कामगारांनीच झांकी काढली. मंजुळाबाईने तो शर्ट मला घातला. सगळ्या शहराने भोक पाहावे, एवढेच तिला हवे होते. निघण्याआधी पोलीस अधिकारी तपासणीला आले.

"अम्मा, ये छेद सिल दो, फिर ले जाओ."

"छेद मी नाही केला, साहेब. केला त्याला बोलवा, सुई मी देते."

त्यांनी मला खाली उतरवायला लावले. तेव्हा तिने शर्ट माझ्या अंगातून काढला, साडीवर चढवला आणि माझ्या जागी जाऊन उभी राहिली. तिला हात लावायला कुणी धजले नाही.

गिरणीतला मुकादम, लक्ष्मीकांत जॉबर, याने मागाहून सांगितले, ती रस्ताभर हलली नाही. लोकांना ती पुतळाच वाटली. "मम्मी, इसका हाथ कब हिलेगा?" एका मुलीने विचारले आणि शेजारचा बँड वाजायचा थांबला.

त्या रात्री मी गोदामात कुलपात एकटा होतो. झांकी फाटकाबाहेर पडली आणि माझ्या पाठीमागची दोरी ताणली गेली. हात वर गेला. मागे कुणीतरी बसले होते. त्याचा श्वास माझ्या पेंढ्याला लागत होता. सकाळी लक्ष्मीकांतने दार उघडले, तेव्हाही हात वरच होता. त्याने मागे वाकून पाहिले. दोरी सैल लोंबत होती.

पुढे मंजुळाबाई दरवर्षी तशीच उभी राहिली. गुडघे थकल्यावर तिने शर्ट पुन्हा माझ्या अंगात घातला. "आता तू उभा राहा रे," म्हणाली.

मित्रांनो, माझ्या पेंढ्याला उंदीर लागले आहेत. नवा पेंढा भरा, नाक बसवा, रंग द्या. शर्टाला मात्र सुई लावू नका. आणि माझा हात वर गेला, तर दोरी कोण ओढतो ते शोधायला मागे जाऊ नका. समोर उभे राहा आणि छातीकडे बघा.