नलूच्या उंचीचा पोटमाळा

"ताई, टाचा भिंतीला टेकवा. मान सरळ," रामजी मिस्त्री म्हणाला आणि कानावरची पेन्सिल काढून त्याने नलूच्या डोक्याबरोबर भिंतीवर एक रेघ ओढली. "झालं. माळ्यावर एवढी उंची सोडतो. तुम्ही वर ताठ उभ्या राहाल."

नलू मागे वळून त्या रेघेकडे बघत राहिली. रेघ कसली, बुटक्या बाईची बुटकी रेघ. पण या घरात तिच्या मापाने काही बनत होतं ते पहिल्यांदाच.

"बघू दे की नंतर," ओट्यापाशी उभी असलेली शेवंती म्हणाली. "चाय निवता हा तुझी."

डिलाईल रोडच्या चाळीतली ही एकच खोली. तिच्यात भाऊ धोंडू, भावजय शेवंती, भाचा वैभव आणि नलू. गिरणी बंद पडली तेव्हा वडील गावाला गेले ते तिकडेच राहिले. धोंडू इथे धडपडत बसला आणि नलू परळच्या एका सूतिकागृहात आया म्हणून लागली. लग्नाचं पुढे बघू म्हणता म्हणता राहून गेलं. दुसऱ्यांच्या बाळंतिणी आणि दुसऱ्यांची पोरं सांभाळण्यात जन्म गेला. आता निवृत्त होऊन ती घरी बसली होती.

या सगळ्या वर्षांत नलूचं अंथरूण खिडकीखालच्या कोपऱ्यात, ओटा आणि धोंडूची खाट यांच्या मधल्या फटीत. पहाटे नळ आला की वळकटी करायची, कपाटावर टाकायची, रात्री सगळे झोपले की पुन्हा सोडायची. ताप असला तरी वळकटी, नाइट ड्यूटी करून आलं तरी वळकटी. दिवसा आडवं व्हावंसं वाटलं तर कुणाच्या तरी पायात येणार. तिला एकच हवं होतं, उचलावं लागणार नाही असं अंथरूण. लोक बंगले मागतात, आणि या बाईला हे मागायला पंचवीस-तीस वर्षं लागली.

धोंडू लगेच हो म्हणाला होता. खोलीच्या आतल्या अर्ध्या भागावर जुना माळा होता, मोडक्या पेट्या आणि गावच्या पितळी भांड्यांनी भरलेला. "चाळ पाडून टॉवर कधी होईत तेव्हा होईत. तू वरती ऱ्हव," तो म्हणाला. नलूने त्याच दिवशी दादरला जाऊन गादीवर घालायला निळ्या फुलांची चादर आणली होती. शेवंतीने ती उलटीपालटी करून बघितली आणि रंग जाणारा आहे, असं सांगून टाकलं.

जुन्या फळ्या उतरल्या, लोखंडी गर्डर येऊन पडले आणि त्याच आठवड्यात वैभवचं जमलं. मुलगी त्याच्याच ऑफिसातली, प्राची. घरच्यांना आधी काही पत्ता नव्हता. सगळ्यांना आनंद झाला, नलूला तर सगळ्यांत जास्त. या पोराला तिने पहिली आंघोळ घातली होती.

मग एके संध्याकाळी वैभव तिच्याशेजारी येऊन बसला. मोबाइल उगीच हातात फिरवत होता.

"आत्या, एक बोलायचं होतं. माळ्याचं."

"बोल."

"भाड्याने घ्यायचं तर डोंबिवलीच्या पुढे जावं लागेल. पप्पांची तब्येत अशी. म्हणजे... तू नाही म्हणालीस ना, तर विषय कट. खरंच. मी काही नाही बोलणार."

मोठा शहाणा. विचारलं अशा रीतीने, की हो सोडून दुसरं उत्तरच उरू नये. आणि त्यालाही ते पक्कं माहीत होतं, म्हणून तर तिच्याकडे न बघता पंख्याकडे बघत होता. आपण एवढ्या वर्षांत एकदाच मागितलं, ते या पोराने चहाचा कप उचलावा तसं उचललं. पण नवी नवरी काय सासूसासऱ्यांच्या खाटेशेजारी निजणार? तेही खरं होतं, आणि तेच जास्त बोचत होतं.

"कर बाबा," ती म्हणाली. "मला काय, माझा कोपरा आहे."

"थँक्स आत्या. तू बेस्ट आहेस."

वैभव ताडमाड उंच. रामजीने सगळा हिशोब फिरवला. वर वैभवची उंची आणि वर एसी, म्हणजे माळा बराच खाली घ्यायला हवा. "खाली मग काय उरतं?" त्याने विचारलं.

"खाली कपाट, पाण्याचा पिंप न् देव्हारा," धोंडू म्हणाला. "पाणी नलूच काढता. ती रेघ हा ना तिची, तेवढा ठेव. बास."

वरची रेघ अशी खालची झाली. गर्डर बसले, प्लाय ठोकला गेला, जिना लागला. शेवंतीला लग्नाआधी चकचकीत लाद्या हव्या होत्या. जुनी फरशी फोडायची तर खालच्या मजल्यावरचे भांडायला येणार, म्हणून लादीवाल्याने जुन्या फरशीवरच सिमेंट टाकून नवी लादी बसवली. जमीन चार बोटं वर आली. माळा होता तिथेच राहिला. ही गोष्ट ना रामजीच्या डोक्यात आली, ना लादीवाल्याच्या, आणि नलूला कळली ती पिंपातून पाणी काढून उभी राहताना, टाळू दाणकन प्लायवर आदळली तेव्हा.

"लागला काय गो?" शेवंतीने तेल चोळलं. खरंच कळवळून चोळलं, ते नाकारण्यात अर्थ नाही. "जरा मान खाली घाल. व्हयत सवय."

तांब्याभर पाण्यापुरतं वाकायचं, त्यात काय एवढं, असं नलूनेही म्हणून टाकलं.

लग्नाला थोडे दिवस उरले तेव्हा प्राचीची आई खोली बघायला आली. जिना चढून माळा पाहून आली, एसीचं कौतुक केलं, खाली येऊन देवाला हात जोडले आणि तशीच थांबली.

"बाई, देव्हारा माळ्याखाली? मुलं वर चालणार, झोपणार. देवाच्या डोक्यावर पाय यायचे की हो."

घरावर वीज पडल्यासारखं झालं. धोंडूने स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. आपल्या लक्षात कसं आलं नाही, कुलदैवत कोपलं असतं, असं सगळेच एकदम बोलू लागले. डोक्यावर मोकळं छत असलेली जागा खोलीत एकच रिकामी होती. खिडकीखालचा कोपरा.

"देव खिडकीकडे घेऊ," वैभव म्हणाला. "आणि आत्या आत, माळ्याखाली. तिथे तिला उलट शांत पडेल."

नलू मोरीच्या दाराशी उभी होती. तिला कुणी विचारलं नव्हतं, कुणी तिच्याकडे बघतही नव्हतं. कधी नव्हे तो तिचा आवाज चढला.

"आणि माझ्या डोक्यावर पाय आले तर चालतील?"

शेवंतीने चोरून प्राचीच्या आईकडे बघितलं. पण ती खळखळून हसली. "आत्याबाई विनोदी आहेत हो तुमच्या." सुटल्यासारखी शेवंती हसली, वैभव हसला. धोंडू तेवढा हसला नाही. त्याने मान वळवली आणि देव्हाऱ्याचे स्क्रू कुठे आहेत ते शोधू लागला. नलूने पदराने हात पुसले. बाकीच्यांच्या हसण्यापेक्षा हे जास्त लागलं. याला समजलं होतं आणि तरी तो स्क्रू शोधत होता.

लग्न थाटात झालं. प्राची चांगली मुलगी निघाली, वर चालताना पाय न वाजवण्याचा फार प्रयत्न करायची. पण प्लाय तो प्लाय. नलूचं अंथरूण आता दिवसभर पसरलेलं असायचं, कारण त्या जागेचा दुसऱ्या कुणाला काही उपयोग नव्हता.

उन्हाळा सरता सरता सूतिकागृहातल्या सरोजिनी सिस्टरचा फोन आला. त्या शिवाजी पार्कला राहत, निवृत्त होऊनही रोज फिरायला जात. "ये की एकदा, नलू. गप्पा मारू." नलू इस्त्रीचं लुगडं नेसून गेली. दोघी मैदानाच्या कट्ट्यावर बसल्या. नेटमध्ये पोरं चेंडू बडवत होती. सिस्टरनी विचारलं, तसं नलूने सगळं छान सांगितलं. सून गुणी आहे, घर नवं केलंय, माळाही केलाय.

"तुझी सोय झाली म्हणायची एकदाची."

"झाली की," नलू म्हणाली.

ऊन उतरलं. निघायला हवं होतं. कट्ट्यावरून उठताना नलूने मान खाली घातली, पाठ वाकवली आणि एक हात हळूच डोक्यावर नेला, वर काही लागतं का ते चाचपत. मगच ती जपून उभी राहिली.

सिस्टरनी तिच्या हाताकडे बघितलं, मग मान मागे टाकून वर. वर काहीच नव्हतं.

"पाठ धरली का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही हो," नलू म्हणाली, आणि तशीच वाकून चालू लागली.