जास्तीची कणिक

काल्याचं कीर्तन आता सुरू होणार आणि शहादेव आवाज घुमावा म्हणून अजून मृदंगाच्या डाव्या तोंडावर कणिक थापतच होता. शिरूर कासारजवळच्या त्या लहानशा गावात सकाळच्या उन्हात मांडव गच्च भरला होता. बायकांच्या पुढच्या रांगेत वनमालाबाई बसल्या होत्या. तुरुंगातून सुटून आलेल्या माणसाला पुन्हा मार्गी लावणं, ही त्यांची सरकारी नोकरी. माहेर नारायणगडाच्या पायथ्याचं, कीर्तनावर जीव; पण कीर्तनात बसून लक्ष दुसरीकडंच, असं बावीस वर्षांच्या नोकरीत झालं नव्हतं.

बांधाच्या भांडणात शहादेवनं कुऱ्हाडीच्या दांड्यानं बद्रीनाथचा उजवा हात मोडला होता. बद्रीनाथ म्हणजे गावचा मृदंग. तेव्हापासून सप्ताहाला वादक बाहेरून यायचा. शहादेवनं तीन वर्षं तुरुंगात काढली, तिथल्या भजनात मृदंग शिकला. त्याचा पुनर्वसन आराखडा करताना वनमालाबाईंनी पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं काम लिहिलं, दर महिन्याला कार्यालयात हजेरी लिहिली, आणि खाली एक ओळ: गावच्या सप्ताहात मृदंगसेवा. वाचून साहेब हसले होते. बद्रीनाथला विचारायला त्या तीनदा गेल्या. तो हो म्हणाला नाही, नको म्हणाला नाही. आज तो टाळकऱ्यांमागं येऊन बसला होता; तो उठून गेला, तर मांडव त्याच्यामागं उठणार, आणि शहादेव या गावात पुन्हा पाऊल टाकणार नाही.

महाराजांनी नाम घेतलं, टाळ उचलले, शहादेवची थाप पडली.

भद्द. भिजल्या पोत्यावर काठी मारल्यासारखी. टाळकरी एकमेकांकडं बघू लागले. बोटं चुकत नव्हती, पण आवाजच उठेना. घाबरून त्यानं आणखी कणिक लावली. आवाज पार बसला.

बद्रीनाथ उठला.

टाळ थांबले. वनमालाबाईंनी पदर घट्ट धरला. पण तो बाहेर वळला नाही. टाळकऱ्यांतून वाट काढत थेट शहादेवसमोर जाऊन बसला, मृदंग ओढून उभा केला आणि डाव्या हाताच्या नखांनी कणिक खरवडू लागला. निम्मी काढून टाकली. उरलेली अंगठ्यानं दाबून सारखी केली.

"दोन पोळ्या झाल्या असत्या की बे एवढ्यात," तो म्हणाला. "कुनी शिकिवलं तुला?"

"जेलात," शहादेव मान खाली घालून म्हणाला.

"वाटलंच. हान आता."

शहादेवनं थाप मारली. घुमार थेट पोटात उतरला. महाराजांनी हात उंचावले, टाळ एकदम कडाडले, आणि आपण सरकारी कामाला आलोय हे विसरून वनमालाबाई टाळ्या वाजवत उभ्या राहिल्या. डोळे पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

बद्रीनाथ आपल्या जागेवर परत गेला नाही. शहादेवच्या शेजारीच बसून राहिला. लय वाढली तसा त्याचा उजवा हात मांडीवर ठेका धरू लागला. तीन बोटं पडत होती. दोन ताठच राहत होती.