नोरा उलटी नव्हतीच

माझं नाव केर्तू, मी नववीत आहे, आणि जगातल्या चौदा कॉम्प्युटरांवर चित्र सरळ दिसतंय ते माझ्यामुळे. निष्कर्ष सगळ्यात वर लिहावा असं हिल्काने शिकवलंय, म्हणून आधी तो लिहून टाकला. आता बाकीचं.

नववीत आम्हाला एक आठवडा शाळेऐवजी कुठेतरी कामाला जावं लागतं. माझ्या वर्गातले अर्धे लोक किराणा दुकानात दुधाचे डबे रचत होते. मी मात्र हेर्वान्ता उपनगरातल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, ग्राफिक्स ड्रायव्हर लिहिणाऱ्यांकडे. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटर आणि त्यातली चित्रं काढणारी चिप यांच्यामधला दुभाषा. दुभाषा चुकला की पडद्यावर हिरवे पट्टे येतात. मग कोणीतरी ठिगळ लिहितं, म्हणजे कोडच्या चार ओळी बदलतं. ते ठिगळ मूळ कोडला शिवण्याआधी दुसऱ्या कोणीतरी खऱ्या मशीनवर तपासायचं, काय दिसलं ते लिहायचं आणि खाली आपलं नाव घालायचं. दुसऱ्याच कोणीतरी, हं. आपल्याच ताकाला आंबट कोण म्हणणार?

तिथे माणसं दोनच. हिल्का आणि ताइस्तो. हिल्का ठिगळं शिवते किंवा परत पाठवते. ताइस्तो एकसष्ट वर्षांचा आहे आणि एकोणीस वर्षं तो फक्त एका चिपचा ड्रायव्हर सांभाळतोय. चिपचं नाव नोरा. ती बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली. नोरा आता जगात चौदा ठिकाणी उरलीय, त्यातली एक आमच्या ऑफिसात आणि एक लेम्पाला गावच्या कराओके बारमध्ये, जो ताइस्तोची मोठी बहीण एल्मा चालवते. ताइस्तो नोराबद्दल असं बोलतो जसं लोक घरच्या म्हाताऱ्या गाईबद्दल बोलतात.

"काल जरा गरम झाली होती," तो सोमवारी सकाळी काळजीने म्हणाला.

"पंखा पूस," हिल्का म्हणाली. त्या दिवसातला तो त्यांचा सगळ्यात मोठा संवाद.

तर गोष्ट अशी होती की हिल्काने ड्रायव्हरवाल्यांच्या ईमेल-यादीवर जाहीर करून टाकलं होतं: शुक्रवारी दुपारी तीनच्या आत हिरव्या पट्ट्यांचं तपासलेलं ठिगळ आलं नाही, तर नोराचा सगळा कोड काढून टाकणार. एकोणीस वर्षं, एका फटक्यात. तीनच का? कारण तीन वाजता हिल्का तळ्याकाठच्या कॉटेजवर जाते, आणि तिथला सॉना, म्हणजे वाफेची न्हाणी, तापला की तिला जगातलं काहीही सांगून उपयोग नसतो. ताइस्तोचं ठिगळ तयार होतं. तपासणारा नव्हता. आधीचा तपासणारा बाळंतपणाच्या रजेवर होता, आणि त्याची बायको पण.

"तुला डोळे आहेत?" हिल्काने मला विचारलं.

"दोन."

"नाव लिहिता येतं?"

"अगं, आडनावासकट!"

"मग तू तपास."

मी इतकी खूश झाले की खुर्चीसकट गोल फिरले आणि झाडाच्या कुंडीवर आदळले. ताइस्तोने कुंडी सरळ केली.

आधीचे अहवाल मी वाचले. तीनशे बारा होते. जवळपास सगळ्यांत एकच शब्द: "चालतं." दोन ठिकाणी "चालत नाही." एका ठिकाणी "चालतं बहुतेक," आणि त्याखाली हिल्काने लाल पेनाने लिहिलं होतं, "इतकं भावुक व्हायची गरज नाही."

मी ठरवलं की हे बदलायचं. मंगळवारी मी नोराचं मशीन सुरू केलं, नवा ड्रायव्हर घातला, आणि चाचणीची एकशे सहा चित्रं एकेक करून पाहिली. फिरणारा त्रिकोण, चहाची किटली, बुद्धिबळाचा पट. पट्टे कुठेच नव्हते. मी साडेचार पानं लिहिली. त्रिकोण किती गुलाबी आहे ते लिहिलं (जुलैतल्या स्ट्रॉबेरीइतका), किटली फिरताना किती आनंदी वाटते ते लिहिलं, मशीन कुठे ठेवलंय, त्यावर कसली धूळ आहे, भिंतीवरच्या पडद्यावर काय काय लिहिलंय, सगळं.

हिल्काने चष्मा लावला आणि लाल पेन काढलं. दहा मिनिटं फक्त पेनाचा आवाज. मग तिने पानं परत दिली. साडेचार पानांतल्या तीन ओळी जिवंत होत्या.

"कशावर तपासलं, काय केलं, काय दिसलं. विशेषणं नकोत," ती म्हणाली.

"पण किटली खरंच आनंदी होती!"

"किटलीला कळव."

तर माझा अहवाल असा झाला: "नोरा, ऑफिसचं मशीन. एकशे सहा चित्रं. पट्टे नाहीत. चित्र सरळ आहे. तपासलं: केर्तू." साडेचार पानं मी जुन्या कागदांच्या खोक्यात टाकली आणि संध्याकाळी आईला सांगितलं की मी आता एक जबाबदार व्यक्ती आहे, त्यामुळे भांडी दुसऱ्या कोणीतरी घासावीत. तिने जबाबदार व्यक्तीलाच घासायला लावली.

"चित्र सरळ आहे" हे का लिहिलं? कारण ठिगळात दोन गोष्टी होत्या. एक, पट्टे घालवणं. दुसरी, चित्र सरळ करणं. ताइस्तो म्हणाला की चार वर्षांपूर्वी ऑफिस इथे हलवलं तेव्हापासून नोरा चित्र उलटं काढते, डोकं खाली पाय वर. "म्हाताऱ्यांना जागा बदललेली सोसत नाही," तो म्हणाला. चार वर्षं त्याने आपल्यापुरतं ते फिरवून घेतलं होतं, आता तो इलाज सगळ्या जगाला द्यायचा होता.

नियमाप्रमाणे ठिगळ दोन मशीनवर तपासावं लागतं. म्हणून गुरुवारी दुपारी मी आणि ताइस्तो त्याच्या व्हॅनमधून लेम्पालाला गेलो. गुरुवारी दुपारी एकला एल्माकडे पेन्शनरांची कराओके असते. पंधराएक जण कॉफी आणि दालचिनीचे पाव घेऊन बसले होते. पडद्यावर हिरवे पट्टे वळवळत होते आणि गाण्याचे शब्द त्यांच्या मागे लपले होते.

"आलास का बाबा एकदाचा!" एल्मा ताइस्तोला म्हणाली. "एक महिना झाला, पेन्ती शब्दांच्या जागी नुसतं 'ला ला' गातोय."

"लोकांना आवडलं ते," पेन्ती म्हणाला. पेन्ती पूर्वी ट्रक चालवायचा. आता सत्याहत्तर वर्षांचा आहे आणि त्याच्या टँगो गाण्याला कोणी मध्ये बोललेलं त्याला चालत नाही.

ताइस्तोने नवा ड्रायव्हर घातला. मशीन पुन्हा सुरू झालं. पट्टे गेले! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग गाणं सुरू झालं, आणि शब्द आले. उलटे. खालून वर, उजवीकडून डावीकडे, आणि मागच्या चित्रातलं तळं आकाशात लटकलेलं.

पंधरा पेन्शनरांनी मान वाकडी केली, सगळ्यांनी एकाच बाजूला. पेन्ती उठला, बाकावर उताणा झोपला, डोकं कडेवरून खाली लोंबकळत सोडलं, माइक तोंडाशी धरला आणि गायला लागला. अख्खं गाणं म्हटलं. एक शब्द चुकला नाही.

"एल्मा," ताइस्तो म्हणाला, "तुझा पडदा उलटा आहे."

"माझा पडदा टेबलावर स्वतःच्या पायांवर उभा आहे! तुझं डोकं उलटं आहे. लहानपणापासून!"

"पाय वरच्या बाजूनेही लावता येतात."

"मग तो उभा कशावर आहे, नाकावर?"

मला मात्र माझा अहवाल आठवला. "चित्र सरळ आहे. तपासलं: केर्तू." माझं नाव. आणि समोर पेन्तीचा चेहरा टोमॅटोसारखा लाल झाला होता. (हे विशेषण नाही, निरीक्षण आहे.)

ऑफिसात परत आलो तर पाच वाजायला आले होते. हिल्का कोट घालत होती.

"माझी सही मला परत हवी," मी म्हटलं.

हिल्का थांबली. "इथे सही कोणी परत घेत नाही."

"चित्र सरळ आहे असं मी लिहिलं. लेम्पालात ते उलटं आहे. मग मी खोटं लिहिलंय, नाहीतर अर्धवट."

"सही काढलीस तर ठिगळ पडेल," ती हळूच म्हणाली. "उद्या तीनला नोरा जाईल."

ताइस्तो खुर्चीत बसून नोराच्या पंख्याकडे बघत होता. त्याने एकदाही मला 'राहू दे' म्हटलं नाही. ते फार वाईट होतं. म्हणाला असता तर मी भांडले तरी असते.

"काढ तिची सही," तो हिल्काला म्हणाला. "तिने जे पाहिलं तेच लिहायचं."

मी जुन्या कागदांच्या खोक्यात हात घातला. साडेचार पानं तिथेच होती, वर केळ्याचं साल. मला आठवत होतं की मी पडद्याबद्दल काहीतरी लिहिलं होतं. सापडलं. तिसऱ्या पानावर, हिल्काच्या लाल रेघेखाली: "पडद्याच्या चौकटीवर कंपनीचं नाव वरच्या कडेला आहे आणि उलटं आहे, ते फार गोड दिसतं. लाल दिवासुद्धा वर आहे."

मी ते मोठ्याने वाचलं. तिघांनी भिंतीकडे पाहिलं. कंपनीचं नाव वरच्या कडेला, डोक्यावर उभं.

मी खुर्चीवर चढून त्या नावाला बोट लावलं.

"पडदा उलटा टांगलाय," मी म्हटलं. "चार वर्षं."

"मला वाटलं, तुझं काही कारण असेल," हिल्का ताइस्तोला म्हणाली.

"मी नाही टांगला. मला वाटलं तू टांगलास. तुझं काही कारण असेल."

"तू विचारलं नाहीस?"

"तू विचारलंस?"

मग ताइस्तोने हात लांब करून नोराच्या मशीनवर ठेवला. "म्हणजे," तो म्हणाला, "ती रुसली नव्हतीच."

"सुरू होताना, ड्रायव्हर जागा व्हायच्या आधीची पहिली अक्षरंही उलटी यायची, तेव्हा तरी कळायला हवं होतं," हिल्का म्हणाली.

"म्हणूनच तर मला खात्री होती की तीच रुसलीय."

हिल्काने आपली लाल रेघ पुन्हा एकदा पाहिली. "ती ओळ मी खोडायला नको होती," ती म्हणाली. मग घाईघाईने: "'गोड' खोडायला हवं होतं."

शुक्रवारी सकाळी आठपासून बारापर्यंत खपून ताइस्तोने ठिगळ फाडून अर्धं केलं. पट्टे घालवणं ठेवलं, चित्र फिरवणं टाकलं, आणि नवा ड्रायव्हर घेऊन लेम्पालाला गेला. मला आणि हिल्काला पडदा सरळ टांगायचा होता. चार स्क्रू, अर्धा तास, एक शिवी (हिल्काची, फार सुंदर होती). पडदा सरळ झाला, आणि तो उलटा का होता ते लगेच कळलं. सरळ लावला की विजेची वायर भिंतीतल्या सॉकेटपर्यंत पोचत नव्हती. वीतभर कमी.

"जोडवायर लागेल," मी म्हटलं.

"आहे एक," हिल्का म्हणाली आणि तिचा चेहरा पांढरा पडला. जोडवायर कॉफीच्या मशीनला होती.

एकशे सहा चित्रांना चाळीस मिनिटं लागतात. दुपारचा एक वाजला होता, कॉफीची वेळ. हिल्काने मशीनकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग तिने स्वतः वाकून वायर उपटली.

"पाणी पिऊ," ती म्हणाली.

मी एकशे सहा चित्रं पाहिली. पट्टे नाहीत. किटली सरळ. त्रिकोण सरळ. दोनदा पाहिली, म्हणजे ऐंशी मिनिटं. दुसऱ्या वेळी हिल्का खिडकीशी उभी राहून समोरच्या ऑफिसातल्या लोकांना कॉफी पिताना बघत होती.

दोन पस्तीसला फोन वाजला.

"चालतं," ताइस्तो म्हणाला.

"तुझं चालणार नाही," हिल्का म्हणाली. "ठिगळ तुझं आहे. दुसरं कोणी दे."

फोनवर एल्मा आली. मी हिल्काच्या आधी फोन ओढला. "एल्मा, मी केर्तू. पट्टे आहेत?"

"नाहीत गं."

"चित्र सरळ आहे?"

"पेन्ती बसून गातोय!"

"मी तुझं नाव घालू का अहवालात?"

"घाल की! आणि लिही, पेन्ती म्हणतो झोपून आवाज जास्त खुलत होता."

मी लिहिलं: "मशीन एक, ऑफिस. पडदा सरळ, कंपनीचं नाव खालच्या कडेला. एकशे सहा चित्रं, दोनदा. पट्टे नाहीत. चित्र सरळ. कॉफीचं मशीन बंद. तपासलं: केर्तू. मशीन दोन, लेम्पाला. पट्टे नाहीत. गायक बसून गातो. तपासलं: एल्मा."

हिल्काचं लाल पेन "कॉफीचं मशीन बंद" वर येऊन थांबलं. मग ते पुढे गेलं.

"मशीनच्या मांडणीचा भाग आहे तो," ती म्हणाली. "राहू दे."

दोन बावन्नला तिने ठिगळ शिवलं. दोन त्रेपन्नला कॉफी लावली, आणि त्यासाठी पडद्याची वायर उपटली, त्यामुळे नोरा वाचली तो क्षण आम्ही काळ्या पडद्यासमोर साजरा केला. ताइस्तो व्हॅन कशीही लावून धापा टाकत वर आला. त्याने नोराचा पंखा पुसला, मग माझ्यासमोर एल्माच्या दालचिनीच्या पावांची पिशवी ठेवली. सहा होते.

निघताना हिल्काने मला शाळेचा फॉर्म भरून दिला. "विद्यार्थिनीचं काम" या रिकाम्या चौकोनात एकच शब्द होता: "चालतं."

तीनशे बारा अहवाल वाचले होते मी. याहून जास्त कौतुक तिथे कोणाचंच झालेलं नव्हतं. पण आता मी शिकलेली होते ना.

"कशावर तपासलं?" मी विचारलं. "काय केलं? काय दिसलं?"

हिल्काने घड्याळ पाहिलं. तीनला दोन मिनिटं कमी. कॉटेज वाट बघत होतं. तिने फॉर्म माझ्या हातातून घेतला, कोट घातलेल्या अवस्थेतच भिंतीला टेकवला आणि खाली लिहिलं: "पाच दिवस. दोन मशीन. सही एकदा मागे घेतली. तपासलं: हिल्का."