सोड्यानं खाल्लेले हात

"हात आहेत का घासणी? ओरखडतंय मला!" असं म्हणत त्या बाईनं आपला हात हिसडा देऊन मागं घेतला, तेव्हा पार्लरमधल्या चारही खुर्च्यांवरच्या बाया आरशातून द्वारकाकडं बघायला लागल्या.

द्वारका मूळची पिशोर गावची. लग्न होऊन शहरात आली, काम शिकली आणि गेली नऊ वर्षं याच पार्लरमध्ये बायांची नखं घासून, हात चोळून देत होती. इतक्या वर्षांत कुणी तिच्या हाताखालून उठून गेलं नव्हतं. आज गेलं.

मालकीणबाई उमाताई लगबगीनं पुढं आल्या. "सॉरी हं मॅडम," म्हणाल्या आणि नवीन पोरीला तिच्या जागी बसवलं. रविवारची गर्दी ओसरल्यावर त्यांनी द्वारकाला पडद्यामागं बोलावलं.

"परवापासून तू मॅनिक्युअरला बसू नकोस. टॉवेल आणि झाडलोट बघ. गिऱ्हाईक तुटतं गं."

द्वारका पिशवी उचलून निघाली. राग आला तो शहागंजात रिक्षातून उतरल्यावर, भर बाजारात. हात खरबरीत झाले, पण केले कुणी? पार्लरमागच्या मोरीत रोज तीसचाळीस टॉवेल पडायचे, केसांच्या डाईनं बरबटलेले. मशीननं डाग जात नाहीत म्हणून कढत पाण्यात सोडा टाकून ते हातानं घासायचे. धुणारी बाई काम सोडून गेली तेव्हा उमाताई म्हणाल्या होत्या, "चार दिवस तू सांभाळून घे." त्या चार दिवसांना तीन वर्षं झाली होती. आणि आता ह्याच बाईला आपल्या हातांची लाज वाटायला लागली! द्वारकाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तिनं तिथल्याच एका गाड्यावरून नखं घासायची कानस आणि गडद लाल नेलपेंट घेतलं, तेही घासाघीस न करता, आणि घर गाठलं.

सोमवारी पार्लरला सुट्टी. दुपारी तिनं पातेल्यात कोमट पाणी घेतलं, त्यात शाम्पू घातला, लिंबू पिळलं आणि दारापाशी उजेडात पाट मांडून बसली. सासू चतुराबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी डोळे वटारले.

"द्वारके, सात दिस झाले नळाला पाणी नाय, अन् तू पातेलंभर पाणी हात बुडवाया घेतलंस?"

"व्हय आत्या. नऊ वरसं दुसऱ्यांचे बुडवले, आज माझे बुडवते."

"कुणाच्या लग्नाला जायचंय?"

"कुणाच्या नाय." आणि तिनं घडलं ते सगळं सांगितलं. सांगता सांगता आवाज चढत गेला. चतुराबाईंच्या हातातला लसूण हातातच राहिला.

डावा हात झटपट झाला. नखं एका दिशेनं घासली, काडीला कापूस गुंडाळून मुळाची मऊ झालेली कातडी मागं सारली, साखर-खोबरेल चोळून वरचा मळ काढला. खरी पंचाईत उजव्या हाताची झाली. डाव्या हाताला दुसऱ्याची सेवा करायची सवयच नव्हती. कानस घसरली, अंगठ्याला रक्त आलं, नेलपेंट नखाबाहेर ओघळलं. तिनं ते पुसलं आणि पुन्हा लावलं. चतुराबाई सरकत जवळ आल्या आणि सुनेचं मनगट घट्ट धरून बसल्या. "लाव आता. हलत नाय."

नखं सुरेख झाली. पण बोटांच्या पेरांवरच्या भेगा तशाच राहिल्या, आणि बेचक्यांमधली कातडी पांढरीफटक. तिनं दोनदा साय चोळली. हाताला बोट लावून बघितलं, तर ओरखडत होतंच. सगळी कला वापरूनही आपलेच हात आपल्याला दुरुस्त होईनात, ह्याचा तिला आणखीनच संताप आला. दोष तिच्या निगेचा नव्हता. सोडा खोलवर गेला होता.

मंगळवारी ती पार्लरमध्ये शिरली आणि सरळ मॅनिक्युअरच्या स्टुलावर बसली.

"द्वारका, काय सांगितलं होतं मी?" उमाताई म्हणाल्या.

द्वारकानं दोन्ही हात काउंटरच्या काचेवर ठेवले. "ताई, नीट बघा. नखं माझी हायेत, मी केलीत. ह्या भेगा तुमच्या टॉवेलांच्या हायेत."

"अगं हळू बोल, सगळ्यांसमोर काय हे!"

"परवा सगळ्यांसमोरच झालं ना? तवा तुम्ही एक शब्द बोलला नाय, की बाई, आमच्याच कामानं हिचे हात असे झालेत. हात तुम्ही खराब करायचे, अन् वर शिक्षा मला? मी टॉवेल धुणार नाय. मॅनिक्युअर करीन. पटत नसेल तर तसं सांगा, मी उठते."

उमाताईंचा चेहरा लाल झाला. त्या काही बोलणार तोच एका नवरीच्या घरच्या सहा बाया आत आल्या. रविवारचे टॉवेल मोरीत तसेच पडले होते, कपाटात कोरडे दोनच उरले होते. नवीन पोरगी उमाताईंकडं बघायला लागली. उमाताईंनी द्वारकाकडं बघितलं. द्वारकानं नवरीच्या आत्याचा हात पाण्यात बुडवला होता आणि मान वर केली नाही.

शेवटी उमाताई पदर खोचून स्वतः मोरीकडं गेल्या. अर्ध्या तासानं आल्या तेव्हा बोटं फुगली होती, आणि त्या ती साडीला पुन्हापुन्हा पुसत होत्या. संध्याकाळी त्यांनी लाँड्रीवाल्याला फोन केला. द्वारकाला म्हणाल्या एवढंच, "उद्यापासून टॉवेल बाहेर जातील."

चूक झाली, असं काही म्हणाल्या नाहीत.

भेगा भरायला दोन महिने लागले. उमाताई एक शब्द बोलल्या असत्या, तर राग त्याच्या आधीच गेला असता. त्या बोलल्या नाहीत, आणि द्वारकानंही, त्या रोज चार वाजता सगळ्यांना पाजायच्या तो चहा घेणं सोडलं ते सोडलंच.