आराम गटाची खोली

आराम गटातल्या चोवीस उंदरांच्या पोटात व्रण पाडले ते संचालकसाहेबांनी, आणि खापर फोडलं हवालदारणीच्या डोक्यावर. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण साहेबांच्या नोटिशीत ते कुठेही सापडायचं नाही.

हवालदारीण म्हणजे प्रयोगशाळेतल्या उंदरांची देखभाल करणारी बाई. एकोणीस वर्षांची नोकरी. घरात पगार आणणारं दुसरं कुणी नाही. तिच्या खोलीत कुणी मोठ्याने शिंकलं तरी ती त्याला बाहेर काढायची, म्हणून हे नाव.

प्रयोग सरळ होता. एका खोलीतले उंदीर रोज दोन तास अंगाला घट्ट बसणाऱ्या नळीत कोंडायचे. तो ताण गट. दुसऱ्या खोलीतल्यांना काहीच करायचं नाही. तो आराम गट. एकवीस दिवसांनी दोन्ही कापून आत काय फरक पडला ते बघायचं. आराम गट हवालदारणीकडे होता. वेळेवर खाणं, पाणी, कोरडा भुसा. माणसाला मिळत नाही एवढं सुख.

बाविसाव्या दिवशी प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाईंनी चिरफाड सुरू केली आणि पाचव्या उंदराला हातातला चिमटा खाली ठेवला.

"अहो मावशी, हे तुमचे आरामवाले?"

"हो. का?"

"मूत्रपिंडावरच्या ग्रंथी टम्म फुगल्यात. छातीतली थायमस ग्रंथी पार सुकलीय. पोटात व्रण. रक्तात ताणाचं हार्मोन नळीतल्यांच्या दुप्पट. केलंत काय यांना?"

"मी काय करणार? नळीत घालायचीही परवानगी नव्हती मला."

दोन दिवसांनी नोटीस आली. निष्काळजी हाताळणीमुळे प्राणी भेदरले. कामावरून का काढू नये, खुलासा करा.

ती थेट साहेबांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली. "पहिल्या दिवसापासून उंदीर एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसत होते. ते यंत्र काढा म्हणून दोनदा सांगून गेले मी."

यंत्र म्हणजे भिंतीवरचा पांढरा डबा. माणसाला ऐकू न येणारा कर्कश आवाज काढून तो उंदीर पळवतो. बाहेरचे उंदीर खाद्याची पोती कुरतडत होते, म्हणून साहेबांनी स्वतः उभं राहून तो बसवून घेतला होता. तोही नेमका आराम गटाच्या खोलीत. बाहेरचे पळाले. पिंजऱ्यातल्यांना पळायला जागा नव्हती.

"तुम्हाला ऐकू येतो आवाज?" साहेबांनी विचारलं.

"नाही."

"मलाही नाही. मग?"

"साहेब, ते आपल्यासाठी लावलेलं नाही."

साहेबांनी उठून दार लोटलं. "हे बघा बाई, यंत्राचं कागदावर आलं तर अख्खा प्रयोग बाद, आणि त्यावर सही माझी. तुम्ही एवढंच लिहा, हातून पिंजरे आपटले. ताकीद देऊन सोडतो. नाहीतर घरी बसाल."

तिने त्यांचंच पेन उचललं आणि उभ्या उभ्या लिहिलं. पिंजरे आपटले नाहीत. एकोणीस वर्षांत एकदाही नाही. यंत्र तुम्ही बसवलंत. मी दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा तुम्ही मला हाकललंत.

कागद तिने त्यांच्यापुढे सरकवला.

"तुम्ही खुलासा मागितलात, हा घ्या. आता मी मागते. प्रयोग तर तुमच्या यंत्रानेच बाद केला होता, मग त्या चोवीस जणांना मारलं कशासाठी? लेखी द्या. उत्तर हातात पडेपर्यंत मी इथून हलत नाही."